स्टिकरखालची नळी

जुन्या महागड्या सायकली विकणाऱ्या माणसांचा मला मनापासून वीट आलाय. घेणाऱ्यांचाही आलाय, पण जरा कमी, कारण ते बिचारे नुसतेच मूर्ख असतात. विकणारे साळसूद असतात, आणि साळसूद चेहऱ्याची मला लहानपणापासून शिसारी आहे.

मी दातांची डॉक्टर. नौपाड्यात दवाखाना आहे. "रोज दोनदा घासतो" असं किडलेल्या दाढेसकट आ वासून सांगणारी माणसं मी उभा जन्म बघत आलेय. त्यामुळे "फार चालवलेली नाही हो, नुसती उभीच होती" हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप आरशाकडे जातो. तोंडात घालायचा तो छोटा, लांब दांड्याचा आरसा. कुणाची सायकल बघायला जायचं असलं की तो आणि एक बारीक टॉर्च मी पर्समध्ये टाकते. पॅडलच्या मागे, सायकलच्या पोटाखाली, जिथे वाकून कोणी बघत नाही तिथे आरसा घालायचा. चिखल, गंज, रंगाचा दुसरा हात, सगळं दिसतं.

ओळखीच्यांना जुनी सायकल पारखून द्यायचं हे काम माझ्या गळ्यात पडलं ते लॉकडाऊननंतर. त्या दिवसांत ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्याच्या हातात चार पैसे होते, त्याने कार्बनची हलकी, महागडी सायकल घेतली. मीही घेतली, आणि अजून चालवते. बाकीच्यांना तेव्हा वाटलेलं की आपण आता जन्मभर पहाटे उठणार. दुकानात सायकली मिळेनाशा झाल्या, नंबर लावून थांबावं लागायचं. मग ऑफिसं सुरू झाली, हॉटेलं उघडली, पोटं परत जागच्या जागी आली आणि सायकली गॅलरीत गेल्या. आता सगळ्यांना एकदमच विकायच्यात आणि घ्यायला काळं कुत्रं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रोज तोच प्रकार. फोटो, "अर्जंट सेल", "फक्त जेन्युइन बायर", खाली कोणीतरी "लास्ट किती?" विचारतो आणि गडप होतो. आठवड्याने तीच सायकल जरा स्वस्त होऊन परत येते. एका महाभागाने तर हँडलवर वाळत घातलेला टॉवेलही फोटोतून काढला नव्हता. आणि प्रत्येकाचं कारण एकच: अपग्रेड करतोय. माझ्याच्याने झालं नाही, असं म्हणणारा एक माणूस मला आजवर भेटलेला नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. माणसं खोटं बोलतात, त्यात नवल नाही. पण स्टँडचा प्रकार कळला तेव्हापासून मला या धंद्याकडे बघवत नाही.

आमच्याकडच्या सोसायट्यांना रंगाचं फार कौतुक. बिल्डिंगला नवा रंग लागला की नोटीस लागते: पार्किंगच्या भिंतीला सायकली टेकवू नयेत. मग ती परदेशी, दोन बोटांवर उचलता येणारी सायकल उभी करायची कशी? तिला स्टँड नसतो. तेव्हा मालक ती घेऊन जातो कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे आणि शाळेच्या सायकलीला लावतात तसला लोखंडी स्टँड लावून घेतो. तो स्टँड मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला चिमट्यात धरून आवळावा लागतो. नळी लोखंडाची असती तर काही बिघडलं नसतं. कार्बनची नळी म्हणजे गोंदात घट्ट बसवलेलं कापड. ती ओढ सोसते, धक्के सोसते, चिमटा सोसत नाही. आतून चिरडते आणि वरून छान दिसते. तडकलेली दाढ अशीच असते. महिनोन् महिने काही होत नाही, आणि एक दिवस साधी चपाती खाताना दोन तुकडे हातात येतात. फरक इतकाच की दाढ तुटली तर माणूस माझ्याकडे येतो, आणि ही नळी उतारावर तुटली तर कुठे जाईल ते सांगता येत नाही.

विकायची वेळ आली की स्टँड काढतात आणि त्या जागी स्टिकर लावतात. कंपनीचा, ग्रुपचा, कसलाही. मी असे कितीतरी स्टिकर नखाने उचकटलेत आणि खालची पांढरी रेघ दाखवल्यावर मालकांना "अरेच्चा!" म्हणताना ऐकलंय. ते "अरेच्चा" इतकं सराईत असतं की वाटतं, घरी आरशासमोर तालीम करत असावेत.

एवढं सांगितलं कारण माझ्या नणंदेची गोष्ट याशिवाय कळणार नाही.

ती डोंबिवलीला राहते. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. तिचा नवरा नोकरीसाठी नागपूरला, मुलगा हॉस्टेलला. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तिने वर्षानुवर्षं केलं. म्हातारी गेली आणि हिच्या हाताला काही कामच उरलं नाही. फोन केला की म्हणायची, "काही नाही गं वहिनी, बसलेय." मग एक दिवस मुलाची जुनी जड सायकल काढून ती तिथल्या एका सायकल ग्रुपबरोबर जायला लागली. रविवारी पहाटे निघायचं, शीळफाट्यापर्यंत किंवा पुढे जायचं, वाटेत मिसळ खायची आणि परत यायचं. तिचा आवाजच बदलला. फोनवर मला चढ, उतार, गिअर असलं काय काय सांगायची. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात तिच्याकडे इतकी वर्षं कुणी नीट बघितलं नव्हतं, त्यात मीही आले.

या ग्रुपचे प्रमुख म्हणजे सर. कुठे शिकवायचे कोण जाणे. कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, पण सगळे त्यांना सर म्हणायचे आणि ते ऐकून घ्यायचे. पर्यावरणावर भाषणं द्यायचे. गणेशोत्सवात शाल-श्रीफळ घेतानाचे त्यांचे फोटो नणंद मला न चुकता पाठवायची. ग्रुपची एक रीत होती. सरांनी नवी सायकल घेतली की जुनी बाहेर विकायची नाही. ग्रुपमधल्या ज्याने मेहनत केली असेल त्याला ती मिळायची. मिळायची म्हणजे विकतच घ्यायची. पण तो मान समजला जाई. नारळ फोडून, टाळ्या वाजवून हस्तांतरण व्हायचं.

यंदा तो मान माझ्या नणंदेला मिळाला.

"वहिनी, सरांची सायकल! पूर्ण कार्बन! मला देतायत!" ती फोनवर अक्षरशः किंचाळली. "सगळे इतके क्लॅप करत होते ना..."

तिने फोटो पाठवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती निळी सायकल मी ओळखली. ठाण्याच्या एका विक्रीच्या ग्रुपवर ती महिनोन् महिने लोळत होती. मागे तीच गॅलरी, तेच तुळशीचं प्लास्टिकचं वृंदावन. भाव उतरत उतरत गेला तरी कुणी हात लावला नव्हता. बाजारात खपली नाही तेव्हा साहेबांना हिची मेहनत दिसली, आणि मान म्हणून जी किंमत सांगितली ती तिथल्या शेवटच्या किमतीहून चढीच होती.

मी तसं तिला सांगितलं. "दुसरी असेल गं ती," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि असली तरी काय? मला दिलीच ना शेवटी."

यावर काय बोलायचं? मी एवढंच म्हटलं की पैसे देण्याआधी मला बघू दे. नाखुशीने हो म्हणाली.

सरांचं घर नीटनेटकं, भिंतीवर सन्मानचिन्हांची रांग. सायकल हॉलमध्ये, पुसूनबिसून, मखरात बसवल्यासारखी उभी. सरांनी माझ्याशी दातांबद्दल दोन शब्द बोलून घेतले, मग नणंदेला म्हणाले, "ताई, ही सायकल म्हणजे माझी मुलगीच. सांभाळा." तिचे डोळे पाण्याने भरले.

मी खाली बसले, आरसा काढला. चाकं चांगली होती. साखळी नवी घातली होती. मग मागच्या नळीवरचा स्टिकर दिसला. तिरंगा. पंधरा ऑगस्टच्या राईडला ग्रुपमध्ये वाटतात तो. नणंदेच्याही जुन्या सायकलवर होता, पण तिने तो हँडलखाली, समोर, कपाळाला टिळा लावावा तसा लावला होता. सगळेच तिथे लावतात. यांनी लावला होता मागे, खाली, जिथे बुटाची टाच घासते आणि चाकाचा चिखल उडतो.

मी आरशाच्या दांड्याने नळीवर टकटक केलं. डावीकडे टणक आवाज आला. उजवीकडे, तिरंग्यावर, थप्प. पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा.

"सर, इथे स्टँड होता का?"

"छे! कार्बनला कोणी स्टँड लावतं का?" सर हसले.

आतून त्यांच्या सौ. चहा घेऊन येत होत्या. निर्मळ बाई. म्हणाल्या, "होता की हो! सोसायटीने भिंतीला टेकवू नका सांगितलं, तेव्हा तुम्हीच नाही का बसवून आणलात? आणि परत सारखी कलंडते म्हणून आणखी आवळून आणलात."

सरांनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की कपातला चहा बशीत आला. मी नणंदेकडे बघितलं. ती भिंतीवरची सन्मानचिन्हं बघत होती.

"मी हा स्टिकर जरा उचलून बघते," मी म्हटलं.

"डॉक्टर." सरांचा आवाज एकदम भाषणातला झाला. "तिरंगा आहे तो. ओरबाडायची वस्तू नाही."

"मग टाचेखाली कशाला लावलात?"

आणि मी नख घातलंच. अर्धा स्टिकर उचलला गेला. खाली नळी दोन्ही बाजूंनी दबलेली, चिमटीत धरलेल्या पावासारखी, आणि मधून पांढरी, केसासारखी वाकडी रेघ. मी अंगठ्याने दाबलं तर नळी आत गेली. नणंदेचा हात धरून तिचाही अंगठा तिथे ठेवला. परत दोन्ही बाजूंना वाजवून आवाज ऐकवला. तिने ऐकला, मान हलवली.

"पेंट गेलाय तिथला," सर म्हणाले. "तुम्ही दातांतल्या तज्ज्ञ आहात, मान्य. पण मी ही सायकल माळशेजच्या घाटात चालवलीय."

"स्टँडच्या आधी की नंतर?"

चहा न पिता आम्ही निघालो. लिफ्टमध्ये नणंद म्हणाली, "तू स्टिकर काढायला नको होतास." मला वाटलं ती घाबरलीय, होईल शांत.

त्याच संध्याकाळी सरांनी ग्रुपवर एक भलामोठा संदेश टाकला. नाव कुणाचंच नव्हतं. आज एका सुशिक्षित व्यक्तीने आपल्या डोळ्यांदेखत तिरंग्याचा अवमान केला, मन विषण्ण झालं, आपण मात्र संयम राखावा, वगैरे. खाली हात जोडल्याच्या, दिव्यांच्या, झेंड्यांच्या चित्रांची रीघ. कुणी लिहिलं, "अशा लोकांना घरात घ्यायचंच कशाला सर?" कुणी लिहिलं, "कोण आहे ती व्यक्ती? ग्रुपमधल्या कोणाची पाहुणी?" नणंदेनेच मला हे फोनवर वाचून दाखवलं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

माणूस स्वतःच्या लबाडीवर झेंडा चिकटवतो, तो उचलणाऱ्याला देशद्रोही ठरवतो आणि शंभर माणसं त्याला नमस्कार ठोकतात! "खरं काय झालं ते लिही," मी तिला म्हटलं. "तू अंगठा लावून बघितलायस."

"हो. लिहिते."

तिने लिहिलं नाही. आठवडाभराने मी विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे ना वहिनी. विषय संपला. नाही घेतली सायकल." मी तेवढ्यावर समाधान मानलं. निदान नळी दुसऱ्याच कोणाच्या तरी बुडाखाली जाईल, असा नीच विचारही मनात येऊन गेला. बाजारच असा आहे, त्यात राहून माणूस असाच विचार करायला लागतो.

नंतर ती फोनवर राईडबद्दल फारसं बोलेनाशी झाली. गुडघा दुखतो म्हणायची. मी गोळ्या सुचवल्या.

मग एका रविवारी सकाळी मी आणि नवरा गाडीने वाशीला एका बारशाला निघालो होतो. बेलापूर रोडचं काम चालू होतं म्हणून मुंब्र्याकडून वळसा घेतला, शीळफाटा मागे टाकून महापेच्या बाजूला लागलो. चढ संपून उतार सुरू होतो तिथे आमच्या बाजूने पिवळ्या जर्स्या घातलेले सायकलवाले सुसाट खाली गेले. सर पुढे होते, नव्या कोऱ्या सायकलवर, वाकून, तरण्या पोरासारखे. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, ते ध्यान." तेवढ्यात तो म्हणाला, "अगं, ही आपली नाही का?"

रस्त्याच्या अगदी कडेने, ट्रकच्या धुळीत, पिवळ्या जर्सीतली एक बाई सायकल हातात धरून उतार चालत उतरत होती. हेल्मेट डोक्यावर तसंच. नवऱ्याने गाडी पुढे नेऊन थांबवली, काच खाली केली.

"पंक्चर झाली का गं?"

"नाही रे दादा. गुडघा धरलाय जरा."

मी गाडीतून उतरले होते. तिच्या हातात ती निळी सायकल होती. मला बघून ती सायकलच्या दुसऱ्या बाजूला सरकली. उजवी बाजू माझ्यापासून लांब गेली.

"तू म्हणालेलीस नाही घेतली."

एक कंटेनर धडधडत गेला, तशी तिने सायकल आणखी कडेला घेतली.

"तुला मी दाखवलं होतं. तुझ्या बोटाने दाबून दाखवलं."

"माहितीय ना मला," ती म्हणाली. "म्हणून तर उतरते. चढाला काही होत नाही. सपाट रस्त्याला पण मी हळूच असते. उतार आला की गुडघा दुखतोय सांगते आणि चालत येते. सर म्हणतात, ताई, जरा वजन कमी करा."

त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि खरं सांगते, हिच्याही. "कशाला घेतलीस पण? कशाला?"

"नसती घेतली तर ती स्टिकर काढणारी बाई तू होतीस हे सगळ्यांना कळलं असतं. मग मला कोणी बोलावलं असतं?" तिने हेल्मेटखालून घाम पुसला. "तुझं ठीक आहे वहिनी. तुला दवाखाना आहे, दादा आहे, भांडायला पेशंट आहेत. मला रविवार आहे."

ज्या माणसांना मी इतक्या तोऱ्यात शिव्या घालते, ती माझ्या नणंदेची हक्काची एकमेव माणसं होती, आणि इतक्या वर्षांत आम्ही तिला दुसरी दिली नव्हती. तरीही मला त्यांची किळस येत होती. दोन्ही एकदमच.

"बरं, मग विकून टाक," मी शेवटी म्हटलं. "मी देते विकून. थोडं नुकसान होईल, होऊ दे."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोण ते तिला आत्ताच कळत होतं.

"विकू कोणाला? आत काय झालंय ते मला माहितीय आता. मी कोणाच्या पोराच्या हातात देऊ?"

तेवढं बोलून तिने ब्रेक दाबून सायकल सरळ केली. नवरा गाडीतून म्हणत होता, डिकीत टाकू या, घरी सोडतो. तिने मानेनेच नको म्हटलं. खाली वळणावर तिची माणसं चहाला थांबली होती आणि तिला उशीर होत होता.